फांदीवाली आत्या

प्रत्येक घराण्यात एक तरी आत्या अशी असते, की तिच्या घरून रिकाम्या हाताने निघता येत नाही. कुणाची आत्या मेतकूट देते, कुणाची जुन्या लुगड्यांची गोधडी, कुणाची नुसतेच सल्ले. आमची आत्या फांदी देते. मनीप्लांटची. तीही साध्या हिरव्या मनीप्लांटची नव्हे. अर्धं पान हिरवं आणि अर्धं दुधी पांढरं, अशा जातीची. नर्सरीवाले तिला मार्बल क्वीन म्हणतात. आत्या तिला कबरी म्हणते, आणि आत्या म्हणेल तेच आमच्यात चालतं.

बाकीच्या आत्यांत आणि हिच्यात फरक एवढाच, की मेतकूट संपतं. फांदी संपत नाही. ती वाढते, आणि ती वाढतेय की नाही हे बघायला आत्या येते.

आत्या डोंबिवली पूर्वेला राहते. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. उभा जन्म ट्रंक कॉल जोडण्यात गेला, त्यामुळे कुणाचं बोलणं कुठे तुटलंय हे तिला बसल्या जागी कळतं. हॉलच्या खिडकीशी, शोकेसच्या माथ्यावर मूळ कबरीची कुंडी आहे. तिथून वेल पडद्याच्या दांडीवर चढते, दांडी संपली की खिळ्याखिळ्याने भिंत ओलांडते, घड्याळाला वळसा घालते आणि टीव्हीच्या उजव्या बाजूने खाली उतरते. क्रिकेटच्या मॅचमध्ये नेमकी जिथे धावसंख्या दिसते, तिथे तिची दोन पानं लोंबतात. आतोबा धावसंख्या शेजारच्यांना विचारतात.

"बाजूला करा ना जरा ती पानं," असं मी एकदा आतोबांना सुचवलं.

"मी तीस वर्षं रेल्वेत काढली," आतोबा म्हणाले. "कुणाच्या हद्दीत हात घालायचा नाही, एवढं शिकलो."

आत्याचं म्हणणं ऐकायचं तर आधी पांढऱ्याचं शास्त्र ऐकावं लागतं. ते ती प्रत्येक नव्या जावयाला आणि सुनेला ऐकवते. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं. म्हणजे तो भाग आपलं अन्न आपण तयार करत नाही, शेजारच्या हिरव्या भागाने केलेलं खातो. "हिरवा कमावतो, पांढरा बसून खातो," आत्या सांगते. "घरात एखादा बसून खाणारा असला तर शोभा असते. सगळेच बसले तर चूल पेटायची नाही." हे सांगताना ती आतोबांकडे बघत नाही, पण आतोबा हातातला पेपर थोडा वर धरतात.

यातून पुढचं सगळं निघतं. कमावणारे हात निम्मे, म्हणून कबरीला साध्या मनीप्लांटपेक्षा जास्त उजेड लागतो आणि ती वाढतेही सावकाश. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली तर मरत नाही, पण नवी पानं हिरवी यायला लागतात. एखादी फांदी पूर्ण हिरवी झाली, की ती दुप्पट जोमाने धावते आणि बाकीच्या कबऱ्या फांद्यांना मागे टाकते. अशी फांदी दिसली रे दिसली, की आत्या ती मुळापाशी, शेवटच्या कबऱ्या पानापर्यंत मागे जाऊन कापते. उलट प्रकारही होतो. एखादी फांदी निव्वळ पांढरी येते. दिसायला ती इतकी देखणी, की पाहुणे नेमकी तीच मागतात. आत्या देत नाही. "ही इथे आहे तोवर आहे. वेगळी केलीत की उपाशी मरेल." उजेड किती हवा याचं तिचं माप एकच आहे: भरदुपारी दिवा न लावता पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचता आल्या पाहिजेत, पण ऊन अंगावर पडता कामा नये. थेट उन्हात पांढरा भाग आधी करपतो. कडेने तपकिरी होतो आणि पापडाच्या तुकड्यासारखा वाजतो.

फांदी देण्याचा विधी बघण्यासारखा असतो. दुपारचा चहा झाला, की आत्या शिवणाच्या डब्यातली कात्री काढते आणि आतोबांच्या आफ्टरशेव्हने पुसते. ते आफ्टरशेव्ह गेली कित्येक वर्षं फक्त कात्रीच वापरते. आतोबांनी दाढी राखली आहे. मग ती वेलीवर बोट फिरवत पेर शोधते. पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो, तिथे समोरच्या अंगाला एक तपकिरी उंचवटा असतो. तीच उद्याची मुळी. त्या पेराच्या खाली बोटभर जागा सोडून काप घ्यायचा. फांदीला दोन-तीन पानं हवीत, आणि त्या पानांत हिरवं-पांढरं निम्मंनिम्मं हवं. पेराशिवाय नुसतं पान देठासकट तोडून पाण्यात ठेवलं, तर ते महिनोन्‌महिने टवटवीत राहतं, क्वचित मुळ्याही धरतं. पण त्यातून वेल काही निघत नाही. आत्याच्या एका नणंदेने असं पान वर्षभर ठेवलं आणि रोज सकाळी त्याची विचारपूस केली. आत्याला हे ठाऊक होतं. तिने सांगितलं नाही. नणंदेची आणि तिची वाटणी जुन्या तांब्याच्या घंगाळावरून फिसकटलेली आहे.

फांदी मिळते ती खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी बाटलीत. पारदर्शक बाटलीत शेवाळ धरतं म्हणून तपकिरी. पेर पाण्यात, पान पाण्याच्या वर, पाणी आठवड्याला बदलायचं. साधा मनीप्लांट पंधरवड्यात मुळ्या दाखवतो. कबरी महिनाही घेते, तेवढ्यात बाटली हलवून बघायची नाही. मुळ्या दोन इंच झाल्या की मातीत. माती मोकळी पाहिजे: कोकोपीट, गांडूळखत, थोडी जाडी वाळू. कुंडीच्या तळाला भोक पाहिजे. चिनीमातीच्या, बिनभोकाच्या, महागड्या कुंड्या भेट म्हणून देणाऱ्यांवर आत्याचा विशेष राग आहे, आणि या बाबतीत मी पूर्णपणे तिच्या बाजूने आहे. पाणी जायला वाट नाही आणि वर सोनेरी कड! असल्या कुंडीत वेल सडते आणि दोष "हाताला गुण नाही" म्हणून घरच्या बाईला लागतो.

बाटली हातात ठेवताना आत्या एक जुनी टेलिफोन खात्याची डायरी उघडते. त्यात गाव, नातं, तारीख, पानं किती, पांढरी किती, असं सगळं लिहिते. "कशाला लिहिता आत्या, घरचंच तर आहे," असं एका जावयाने म्हटल्यावर ती म्हणाली, "दिली नाहीये. राहायला पाठवलीये."

आणि मग ती भेटायला येते. आत्या कुणाच्याही घरी गेली, की दारात चपला काढते, पाणी नको म्हणते आणि माणसांना ओलांडून थेट कबरीपाशी जाते. उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसते. वरची माती सुकलेली आणि आत जरासा ओलावा असेल तर चेहरा शांत राहतो. आतपर्यंत कोरडी असेल तर "चालायचंच" म्हणते. पण बोट बाहेर आलं आणि त्याला चिखल असला, तर त्या घरात काहीतरी बिघडलंय हे ठरलं.

नाशिकला काकूंच्या घरी नेमकं हेच झालं. कबरीची खालची पानं पिवळी पडून गळत होती. खोड मातीपाशी मऊ झालं होतं आणि कुंडीला कुबट वास येत होता. सगळे म्हणत होते, नाशिकची थंडी बाधली. आत्याने बोट घातलं, बाहेर काढलं, रुमालाला पुसलं आणि विचारलं, "पाणी कोण घालतं?"

"मी, सकाळी," वहिनी म्हणाली.

"मी, संध्याकाळी," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या.

दोघींची उत्तरं एकाच वेळी आली. त्यानंतर जी शांतता पसरली, तिच्यावरून आम्हा सगळ्यांना कळलं, की या दोघी एका घरात राहून गेला महिनाभर एकमेकींशी बोललेल्या नाहीत. दादाला कळलं नव्हतं. शेजाऱ्यांना कळलं नव्हतं. कबरीला कळलं होतं. आत्याने तिथे काही व्याख्यान दिलं नाही. वेल कुंडीतून काढली, काळ्या पडलेल्या मुळ्या छाटल्या, वरच्या धडक्या भागाच्या फांद्या करून पाण्यात टाकल्या आणि नातवाची पाटी मागून घेऊन खिळ्याला टांगली. पाणी घालेल त्याने तारीख लिहायची, बस. सासू-सुना त्यानंतर बोलायला लागल्या असं मी म्हणणार नाही. पण मध्ये गेलो होतो तेव्हा पाटीवर तारखेच्या खाली एका अक्षरात "दूध संपलंय" आणि दुसऱ्या अक्षरात "आणलंय" असं लिहिलेलं होतं.

ठाण्याची गोष्ट वेगळी. घोडबंदर रोडवर चोविसाव्या मजल्यावर माझी चुलत बहीण राहते. तिच्याकडची कबरी एसीच्या झोतात बसून बसून गेली. सांगायची हिंमत होईना. आत्या येणार म्हटल्यावर तिने ऑनलाइन प्लास्टिकची मागवली. हुबेहूब, पांढऱ्या फराट्यांसकट, लोंबणारी. आत्या आली, बघितलं, चेहऱ्यावर आनंद पसरला. पानं कशी तुकतुकीत! धूळ नाही, डाग नाही, पिठ्या ढेकूण नाही. मग सवयीने तिचं बोट कुंडीत गेलं. करकर असा आवाज आला. बहिणीने डोळे मिटले. आत्याने बोट बाहेर काढलं. टोकाला थर्माकोलचे दोन पांढरे मणी चिकटले होते. ते तिने नीट बघितले.

"हिला पाणी कमीच लागत असेल, नाही?"

"हो आत्या. फारच कमी."

"छान ठेवलीयेस," आत्या म्हणाली आणि सोफ्यावर येऊन बसली. चहा झाला, पोहे झाले, फ्लॅटचे हप्ते किती हे झालं. विषय पुन्हा निघाला नाही. डायरीत मात्र नोंद आहे, मी बघितली आहे: "ठाणे. तब्येत उत्तम. थर्माकोल." पुढच्याच आठवड्यात आतोबा पिशवीत तपकिरी बाटली घेऊन चोविसाव्या मजल्यावर हजर झाले.

बाकीच्यांची प्रकरणं किरकोळ. सांगलीचे मामेभाऊ पानांना चकाकी यावी म्हणून खोबरेल लावायचे. पानाची रंध्रं बुजली, वर धूळ बसली, आणि पानं इतकी चिकट झाली की त्यांवर माशा मुक्कामाला आल्या. ओल्या फडक्याने पुसायचं, एवढंच आत्याने सांगितलं. हिंजवडीच्या भाच्याने फोनवर गजर लावला होता, दर तीन दिवसांनी पाणी. पावसाळ्यातही तीन दिवसांनी, कारण गजराला पावसाळा कळत नाही. पुण्याच्या भावजयीने वास्तुवाल्याच्या सांगण्यावरून कबरी आग्नेय दिशेला नेली. त्या घरात आग्नेयेला बिनखिडकीचं न्हाणीघर आहे. "दिशा बरोबर आहे," आत्या तिथलं पान उलटून बघत म्हणाली, "फक्त सूर्याला कुणी कळवलेलं नाही." एका घरात मांजर आहे; तिथे ती फांदी देताना बजावते, की वेल उंच ठेवा. या झाडाच्या पानात आणि खोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, मांजराने किंवा रांगत्या पोराने चावलं तर तोंडाची आग होते आणि लाळ गळते. त्या घरातलं मांजर आत्याला बघून पलंगाखाली जातं.

आत्याच्या फांद्यांना खरी मागणी आहे ती बिल्डिंगमधून. पण तिथे एक अडचण आली. मनीप्लांट चोरून आणलेलाच लाभतो, असा आपल्याकडे समज आहे. पैसा नाही म्हणून झाड लावायचं, आणि झाडासाठी चोरी करायची, हे तर्कशास्त्र मला कधी झेपलेलं नाही. पण शेजारणी फांदी हातात घ्यायला तयार होईनात. "काकू, तुम्ही दिलीत तर लाभणार नाही हो." बरं, चोरू द्यावी, तर चोरणारी बाई पेर न बघता वाटेल तिथे तोडणार, आणि निव्वळ पांढरी फांदीच उचलणार. तेव्हा आत्याने चोरीची पद्धत बसवून दिली. आदल्या दिवशी मागणी नोंदवायची. आत्या योग्य ती फांदी कापून, मुळ्या फुटवून, बाटली शोकेसच्या कडेला ठेवते. चोर ठरल्या वेळी येतो. दोन वाक्यं हवापाण्याची होतात. मग आत्या म्हणते, "बस हां, मी चहा टाकते," आणि आत जाते. चोर बाटली पदराखाली घेतो. आत्या चहा घेऊन येते. चहा पिऊन चोर घरी जातो. डायरीत नोंद होते: "तिसरा मजला, चोरी, पानं 3."

एकदा एका नव्या भाडेकरणीला ही पद्धत ठाऊक नव्हती. ती चहा येईपर्यंत नुसतीच बसून राहिली. आत्या दोनदा आत जाऊन आली. शेवटी आतोबांनी पेपरामागून सांगितलं, "उचला हो लवकर, दूध आटलं."

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिन्यातून एकदा नासा येते. मनीप्लांट घरातली हवा शुद्ध करतो, नासाने सिद्ध केलंय, पुढे पाठवा. नासाने 1989 साली असा अभ्यास केला होता हे खरं. पण तो लहानशा बंद पेटीत, एक झाड आणि मोजून सोडलेले रसायनांचे वाफारे, असा होता. खऱ्या घराला दारं-खिडक्या असतात. 2019 साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी अशा सगळ्या प्रयोगांचे आकडे पुन्हा मांडून बघितले, तेव्हा निघालं, की नुसत्या वारा येण्या-जाण्याने जेवढी हवा स्वच्छ होते तेवढी झाडांनी करायची, तर घराच्या दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. मी हे आत्याला वाचून दाखवलं. तिने हॉलभर नजर फिरवली. मला वाटलं, आता हिला वाईट वाटणार. ती म्हणाली, "दहा जमतील."

त्याच दिवशी मी तिला दुसरीही एक गोष्ट सांगितली आणि ती तिने फार मनावर घेतली. मनीप्लांटला फूल येत नाही. आपोआप फुलल्याची शेवटची नोंद 1964 सालची आहे. फुलायला जे संप्रेरक लागतं, जिबरेलिन, ते तयार करणारं एक जनुक या झाडात नीट काम करत नाही, हे 2016 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. बाहेरून जिबरेलिन फवारलं तेव्हा फुलोरा आला. फूल नाही म्हणजे बी नाही. म्हणजे जगातल्या घराघरांत जो मनीप्लांट आहे, तो कुणीतरी कुणाच्या तरी वेलीची फांदी कापल्यामुळेच आहे. मूळचं झाड प्रशांत महासागरातल्या, ताहितीजवळच्या मोरेआ बेटावरचं.

आत्या बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तिचंही माहेर लांबच पडलं." आणि थोड्या वेळाने, "म्हणजे सगळीकडे माझ्यासारखी कुणीतरी असणारच."

पावसाळा हा आत्याच्या घरातला अवघड काळ. आभाळ भरलेलं, उजेड मंद, कुंडी दहा-दहा दिवस सुकत नाही आणि नवी पानं हिरव्याकडे झुकायला लागतात. तेव्हा कबरी शोकेसवरून उतरते आणि थेट खिडकीत बसते. खिडकीत एरवी आतोबांची खुर्ची असते. जून ते सप्टेंबर आतोबांना ट्यूबलाइट मिळते. पाण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं, खत बंद होतं, आणि रोज संध्याकाळी आत्या चष्मा लावून देठाच्या बेचक्यांत कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण शोधते. सापडला की काडीला कापूस, कापसाला स्पिरिट. फार झाला तर कडुनिंबाचं तेल, दोन थेंब साबण आणि कोमट पाणी. त्या वासाने आतोबा गच्चीत जातात. गच्चीत पाऊस असतो.

आता न्यू जर्सीचं प्रकरण. माझी धाकटी बहीण लग्न होऊन एडिसनला गेली, तेव्हा आत्याने तिच्या बॅगेत बाटली घालायचा घाट घातला होता. मातीतलं झाड अमेरिकेत नेता येत नाही, फांदीलाही सरकारी प्रमाणपत्र लागतं, हे पटवायला दोन दिवस लागले. आमच्या घराण्यात कबरी नसलेलं ते एकच घर, आणि डायरीत त्या पानावर नुसतं गाव लिहून पुढे जागा सोडलेली. गेल्या वर्षी बहिणीने तिकडच्या दुकानातून एक लोंबणारी वेल आणली. कबरीसारखीच, पण पान लहान, आणि पांढरं-हिरवं शिंतोडे उडाल्यासारखं नव्हे, तर कापून जोडल्यासारखं स्वच्छ. एन-जॉय तिचं नाव. व्हिडिओ कॉलवर आत्याने ती उलटसुलट करून बघितली आणि "आपल्यातलीच दिसतेय" म्हणाली. बहिणीने सहज शोधलं. तर ही जात म्हणजे मार्बल क्वीनमध्ये आपोआप झालेला बदल, आणि तो सापडला होता महाराष्ट्रात, गुहागरला. अमेरिकेच्या पेटंटच्या कागदात गावाचं नावसुद्धा आहे.

आमचं मूळ गाव गुहागर. आत्याचा जन्म तिथला. व्याडेश्वराच्या देवळाची वाट आजही तिला डोळे मिटून सांगता येते. बातमी ऐकल्यावर ती उठली, देवापुढे साखर ठेवली आणि आतोबांना म्हणाली, "बघितलंत? आमच्याकडची." आतोबांचं गाव अलिबागजवळ आहे. त्यांच्याकडे या तोडीचं काही नव्हतं. ते गप्प बसले. आत्या सांगत सुटली, की तिच्या लहानपणी परसात सुपारीवर चढलेल्या वेलीची पानं हात पसरला तरी मावत नसत. ते खोटं नाही. ही वेल झाडावर चढली की पान मोठं होत जातं, फाटतंसुद्धा. खाली लोंबती सोडली की लहान होतं. आत्याच्या हॉलमध्येही दांडीवरची पानं तळहाताएवढी आहेत आणि टीव्हीजवळची नुसती बोटभर.

मग आत्याने बहिणीला विचारलं, "शेजारी आपली माणसं आहेत ना? त्यांना दिलीस का फांदी?"

बहिणीने कुंडीला अडकवलेला कागदाचा तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला. पेटंट घेतलेल्या जातीची फांदी लावून नवं झाड करायला तिकडे वीस वर्षं मनाई असते, म्हणून तशी सूचनाच त्यावर छापलेली होती. तिने ती मराठीत सांगितली. आत्याला आधी वाटलं, नेट खराब आहे. तिने पुन्हा सांगायला लावलं.

"गुहागरची वेल," आत्या एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "आणि गुहागरच्या मुलीने फांदी द्यायची नाही?"

"कायदा आहे आत्या."

आत्याने फोन आतोबांकडे दिला आणि खिडकीपाशी जाऊन कबरीच्या कुंडीत बोट घातलं. माती ठीक होती, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. आतोबा बहिणीशी हवापाण्याचं बोलत राहिले. दोन मिनिटांनी आत्या परत आली, फोन घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "त्या शेजारणीला घरी बोलाव. आणि तू आत जा, चहा टाकायला."

डायरीतली न्यू जर्सीची जागा आता भरलेली आहे. काय लिहिलंय ते इथे छापणं बरं दिसणार नाही.

वाचकांपैकी कुणाला कबरी हवी असेल, तर आत्याने सांगितलेल्या अटी अशा. पावसाळ्यात मागू नये. बाटली आपली आणावी, तपकिरी. घरातली कुठली खिडकी कुठल्या दिशेला आहे, ते आधी नीट बघून यावं, कारण विचारलं जाईल. आणि ज्यांना चोरूनच न्यायची आहे, त्यांनी एक दिवस आधी फोन करावा.